गोष्ट पडद्यावर घडते की आपल्या अंगठ्यात? ॲक्शन आणि हॉरर गेम्सबद्दल थोडं सविस्तर

सांदीकोपरा

परवा रात्री ‘द लास्ट ऑफ अस’ तिसऱ्यांदा पूर्ण केला. शेवटची नावं वर सरकत होती आणि मी कंट्रोलर हातात धरून बराच वेळ तसाच बसून होतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हाही हेच झालं होतं. तेव्हा कारण सांगता आलं नव्हतं. आता थोडंफार सांगता येईल असं वाटतंय, म्हणून हा धागा.

स्पॉयलरची सूचना आधीच देतो. ‘द लास्ट ऑफ अस’चे दोन्ही भाग, ‘सायलेंट हिल २’, ‘सोमा’ आणि आणखीही काही गेम्सचे शेवट इथे उघड होणार. ज्यांना खेळायचे आहेत त्यांनी आधी खेळून घ्या, मग वाचा. धागा इथेच आहे.

आपल्याकडे गेमच्या गोष्टीचं कौतुक करायचं झालं की लोक म्हणतात, ‘अगदी सिनेमासारखा आहे!’ मला हे कौतुक कधीच पटलं नाही. सिनेमाच बघायचा तर सिनेमा आहेच की. गेमची गोष्ट माझ्या हातून घडली पाहिजे. सगळे कटसीन, म्हणजे मधले नुसते बघायचे प्रसंग, कापून टाका, आणि मी कुठलं बटण कधी दाबलं, दाबताना पोटात काय झालं, एवढंच ठेवा. तरीही गोष्ट उरत असेल तर ती गेमची गोष्ट.

‘द लास्ट ऑफ अस’ जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. नॉटी डॉग या कंपनीचा. नील ड्रकमन आणि ब्रूस स्ट्रेली यांनी तो घडवला, आणि गिटारवरचं ते एकटं, खरखरीत संगीत गुस्तावो सांताओलायाचं. बुरशीचा संसर्ग, उजाड झालेली अमेरिका, जोएल आणि त्याच्याबरोबर निघालेली, संसर्ग न होणारी मुलगी एली, हे सगळं आता टीव्ही मालिकेमुळे गेम न खेळणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मालिकेत जे येऊच शकत नाही, ते म्हणजे आपण कुठल्या वेळी कुणाच्या अंगात असतो.

सुरुवात आठवा. नायक जोएल, पण खेळायला लागल्यावर आपण असतो त्याची मुलगी सॅरा. मध्यरात्री जाग येते, बाबा घरात नाहीत. एकेक खोली उघडत आपण तिच्या पायांनी घरभर फिरतो. टीव्हीवर काहीतरी भयंकर चाललंय, बाहेर पोलिसांच्या गाड्या. मग गाडीचा अपघात होतो आणि पुढच्या क्षणी आपण जोएल झालेलो असतो. पाय दुखावलेली सॅरा आपल्या हातांवर. ॲक्शन गेममध्ये नायक पहिल्यांदा आपल्या ताब्यात येतो आणि त्याचे दोन्ही हात गुंतलेले! बंदूक नाही, काठी नाही, फक्त पळायचं. आणि थोड्याच वेळात ती जाते. तिची ओळख करून द्यायला गेमने लांबलचक संवाद लिहिलेले नाहीत. तिला आपल्याकडून चालवून घेतलं, तेवढं पुरलं.

आता शेवट. लस बनवायची तर एलीचा मेंदू काढावा लागणार, म्हणजे ती मरणार. जोएल वाटेत येईल त्याला मारत ऑपरेशन थिएटरपर्यंत पोहोचतो. आत तीन जण. मुख्य सर्जन स्काल्पेल पुढे धरून आडवा उभा राहतो. मला वाटलं, आता कटसीन येईल आणि मी सुटेन. नाही आला. मी दोनेक मिनिटं नुसता उभा राहिलो. बाजूने जाऊन पाहिलं, मागे सरकून पाहिलं. काही होत नाही. सर्जनला मारल्याशिवाय गेम पुढे जात नाही. बाकीच्या दोघांना मात्र सोडता येतं. पहिल्यांदा मी रागाच्या भरात तिघांनाही मारलं होतं, आणि ते अजून माझ्या लक्षात आहे. गेमने त्याबद्दल मला एका शब्दाने विचारलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट त्यानंतर आहे, आणि ती मला परवा तिसऱ्या खेपेला नीट उमगली. जॅक्सन गावाच्या वाटेवरच्या शेवटच्या चालण्यात आपण जोएल नसतो, एली असतो. हॉस्पिटलमध्ये काय झालं ते मला पक्कं माहीत आहे, कारण ते मीच केलंय. आणि आता मी त्या मुलीच्या अंगात आहे जिला ते माहीत नाही. जोएल पुढे चालतोय, मोकळेपणाने बोलतोय, मी मागून चालतेय. ती त्याला शपथ घ्यायला सांगते. तो घेतो. ती क्षणभर बघत राहते आणि ‘ओके’ म्हणते. खोटं बोलणारा मी आणि जिच्याशी खोटं बोललं गेलं तीही मीच. वाचणाऱ्याला किंवा बघणाऱ्याला अशा दोन्ही बाजूंना एकदम उभं करणं मला दुसरीकडे कुठे भेटलेलं नाही.

आता अगदी वेगळं उदाहरण. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ची गोष्ट कागदावर चार ओळींची आहे: अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पळवलेल्या मुलीला स्पेनमधल्या एका खेड्यातून सोडवून आणायचं. तरी तो मला गोष्टीचा गेम वाटतो, तो एका नियमामुळे. २००५ च्या मूळ आवृत्तीत नेम धरला की नायक लिऑनचे पाय थांबतात. चालत चालत गोळी मारता येत नाही. एवढ्या एका गोष्टीने सगळं बदलतं. सुरुवातीच्या गावात चहूबाजूंनी माणसं येतात. आपण घरात शिरतो, कपाट ढकलून दाराला लावतो, वर चढतो, तेवढ्यात खिडकीला शिडी लागते. ती पाडावी तर खालून चेन सॉचा आवाज. थांबून नेम धरायचा की पळायचं, हा प्रश्न दर दोन सेकंदांनी. आणि मग कुठूनतरी चर्चची घंटा वाजते आणि सगळे हत्यारं टाकून शांतपणे निघून जातात. त्या शांततेत उभं राहिल्यावर गावाबद्दल जे कळतं ते दहा चिठ्ठ्या वाचूनही कळलं नसतं.

हा गेम मी इचलकरंजीला मावसभावाकडे पीएस टूवर खेळलो. लोडशेडिंगचे दिवस होते. वीज जायची वेळ ठरलेली, पण कधी कधी ती अर्धा तास आधीच जायची. सेव्ह करायचं ते फक्त गेममध्ये टाइपरायटर असेल तिथे. दादाची नजर भिंतीवरच्या घड्याळावर, माझी पडद्यावर. किल्ल्यातला तो पाण्याचा मोठा दिवाणखाना आहे ना, जिथे ॲशलीला, म्हणजे त्या पळवलेल्या मुलीला, दोन चाकं फिरवायला पाठवून वरून तिला वाचवत राहायचं असतं, तो आम्ही एका संध्याकाळी कसाबसा पार केला. शेवटच्या दाराकडे जातोय आणि दिवे गेले. पंखा हळूहळू थांबण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी गेलेल्या गोळ्या, औषधं, तासभराची मेहनत, सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण मला वाटतं, भीतीच्या गेम्सची मूळ युक्ती मला तिथेच कळली. राक्षस कितीही मोठा असो, भीती वाटते ती आपल्याकडे काय उरलंय आणि काय अजून सेव्ह झालेलं नाही याची.

तुम्ही सांगा. कुठल्या गेममध्ये गोष्ट तुमच्या हातून घडली?


मध्यरात्र

सुंदर धागा. मुद्दा मान्य, पण तुमच्या थिएटरच्या प्रसंगात खेळणाऱ्याला निदान कळतं तरी की आपण काहीतरी करतोय. ‘सायलेंट हिल २’ त्याच्या पुढे जातो. तिथे आपण करतोय हेच कळत नाही.

२००१ चा गेम, कोनामीच्या टीम सायलेंटचा. जेम्सला मेलेल्या बायकोचं, मेरीचं, पत्र येतं, की मी आपल्या खास जागी तुझी वाट बघतेय. तो त्या धुक्यातल्या गावात जातो. शेवट कुठला मिळणार हे संवादातून निवडायचं नसतं. गेम गुपचूप नोंद ठेवतो. जखमी असताना तुम्ही लगेच औषध घेता की तसेच रक्तबंबाळ फिरत राहता? गावात भेटलेल्या अँजेलाने दिलेला चाकू पिशवीतून काढून पुन्हा पुन्हा निरखता का? बायकोचा फोटो, तिचं पत्र उघडून बघता का? बायकोसारख्या दिसणाऱ्या मारियाच्या जवळ राहता की तिला मागे सोडून पुढे पळता? या सगळ्यावरून गेम ठरवतो की या जेम्सला जगायचंय की नाही.

मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा औषधं जपून वापरायची सवय होती. प्रत्येक हॉरर गेमने तीच शिकवलेली. म्हणून कायम अर्धमेला फिरलो. चाकूही दोन-तीनदा बघितला, कोड्यात लागेल म्हणून. आणि मला ‘इन वॉटर’ हा शेवट मिळाला, ज्यात जेम्स गाडीसकट तळ्यात जातो. का मिळाला हे मला पुढे कित्येक महिन्यांनी कळलं. मी गोळ्या-औषधांची काटकसर करत होतो आणि गेमने ती माझी जगण्याबद्दलची बेफिकिरी म्हणून वाचली. त्या रात्री मला झोप लागली नव्हती, कारण त्या काळात गेमचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. आता सगळं ठीक आहे.

आणि ते पत्र. मूळ गेममध्ये पिशवीतलं मेरीचं पत्र अधूनमधून उघडून बघा. पुढे पुढे त्यातली अक्षरंच नाहीशी होतात. कुणी सांगत नाही, आपण उघडलं तरच दिसतं.


जुनी सीडी

सांदीकोपरा, लेख मनापासून लिहिलाय हे दिसतंय, म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवतो.

‘माझ्या हातून घडलं’ हे तुम्ही ज्याला म्हणताय, त्याला मी सक्ती म्हणतो. थिएटरमध्ये पर्याय नाही, मग ते माझं कृत्य कसं? दुसऱ्या भागात तर हद्द झाली. जून २०२० मध्ये आला तेव्हा पहिल्याच दिवशी घेतला. सुरुवातीलाच ॲबी नावाची मुलगी जोएलला गोल्फच्या काठीने मारते. बरं, ठीक. एलीच्या अंगात सिएटलभर सूड घेत फिरलो. आणि गेमच्या मध्यावर, ऐन एका नाट्यगृहातल्या तणावात, गेम मला उचलून ॲबीच्या अंगात टाकतो आणि तीन दिवस मागे नेतो. दहा-बारा तास तिच्याबरोबर. आणि शेवटी, ॲबीच्या हातांनी एलीशी लढ म्हणतो. ज्या पोरीला मी पहिल्या भागात हिवाळ्यातून, भुकेतून, डेव्हिड नावाच्या खलनायकाच्या तावडीतून वाचवून आणलं, तिलाच मारायला बटण दाब म्हणतो.

मी कंट्रोलर टेबलावर ठेवला. एली मला मारत होती, मी मरत होतो, पुन्हा तिथूनच सुरू. सात-आठ वेळा मुद्दाम मेलो. शेवटी पुढे काय होतं ते कळायला हवं म्हणून खेळलो. पण तो माझा निर्णय नव्हता. लेखकाला जे सांगायचंय ते सांगायला माझं बोट वापरलं, एवढंच.


सांदीकोपरा

जुनी सीडी, तुम्ही सात-आठ वेळा मुद्दाम मेलात, हे वाचून मी थांबलो. तुमच्याइतकी त्या प्रसंगाची किंमत मोजलेला खेळाडू मी पाहिलेला नाही. सिनेमात तुम्ही डोळे मिटले असते, पुस्तक असतं तर पानं उलटली असती. इथे तुम्ही हात आखडता घेऊन एलीला जिंकू दिलंत, पुन्हा पुन्हा. तो निर्णय तुमचाच होता. गेमने तो मान्य केला नाही हे खरं, आणि त्याबद्दलचा तुमचा राग मला रास्त वाटतो.

दुसऱ्या भागाबद्दल मीही पूर्ण समाधानी नाही. ॲबीचे दिवस लांबलेत. मला सगळ्यात जास्त लागलं ते अगदी शेवटी. एली रिकाम्या घरात परत येते, गिटार उचलते, आणि डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. त्याच गेममध्ये आधी आपण कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून ती गिटार वाजवलेली असते, जोएलने शिकवलेली. आता तेच करायला जातो आणि सूर लागत नाही. एलीचं काय गेलं ते मला माझ्या अंगठ्याखाली कळलं. त्यासाठी बाकीचं सगळं मी माफ करतो. तुम्ही करावं असं माझं म्हणणं नाही.


पहाटपाळी

नमस्कार. मी इथे नवीन आहे आणि गेमिंगमध्ये त्याहून नवीन. स्पॉयलरची सूचना बघून मी वरचं काहीही न वाचता थेट खाली आले आहे, त्यामुळे प्रश्न चुकीच्या जागी वाटला तर समजून घ्या. रुग्णालयात रात्रपाळी करते. सुट्टीच्या दिवशीही रात्री झोप येत नाही. भाऊ परदेशी जाताना त्याचा पीएस फोर माझ्याकडे ठेवून गेला. त्यात ‘द लास्ट ऑफ अस’ आहे. मला नेम धरता येत नाही, कॅमेरा फिरवायला लागलं की गरगरतं. खेळता येईल का? आणि फार भीती वाटेल का?


दुसरा कंट्रोलर

पहाटपाळीताई, जरूर खेळा. सेटिंगमध्ये जाऊन डिफिकल्टी सगळ्यात सोपी ठेवा, यात कमीपणा काही नाही. कॅमेऱ्याचा वेग कमी करा. पहिले दोन दिवस अर्ध्या तासाच्या वर खेळू नका, गरगरणं आपोआप जातं. आर वन बटण दाबून धरलं की भिंतीपलीकडची माणसं ऐकू येतात, तेव्हा घाई न करता आधी ऐकायचं, मग हलायचं. विटा आणि बाटल्या दिसतील तिथे उचला, बंदुकीपेक्षा त्याच जास्त कामाला येतात. आणि वर अजिबात जाऊ नका!

आता मूळ विषयावर. (पहाटपाळीताई, हेही वगळा.) कुणी ‘गॉड ऑफ वॉर’चं नाव कसं घेतलं नाही? २०१८ चा. सगळे त्याच्या एकसलग कॅमेऱ्याबद्दल बोलतात. मला बोलायचंय चौकोनाच्या बटणाबद्दल. चौकोन दाबला की नायक क्रेटॉसचा मुलगा आत्रेयस बाण मारतो. सुरुवातीला ते फक्त एक जास्तीचं हत्यार वाटतं. क्रेटॉस त्याला ‘बॉय’ म्हणून हाक मारतो, आपणही त्याला बटणासारखंच वापरतो. वीसेक तासांनी हात इतका सरावतो की शत्रू दिसला की अंगठा आपोआप चौकोनावर. आणि मग पोरगा आजारी पडतो. त्याला फ्रेया नावाच्या जादूगारणीच्या घरी झोपवून क्रेटॉस एकटा निघतो. वाटेत शत्रू येतात, मी सवयीने चौकोन दाबते आणि काहीच होत नाही. बाण येत नाही. मागून आवाज येत नाही.

मला तेव्हा रडू आलं. माझा मुलगा शेजारच्या खोलीत झोपला होता, उठून त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट करून आले. इतक्या थोडक्यात एवढं सांगणारी दुसरी गोष्ट मला आठवत नाही.


उत्तरेकडून

फिनलंडमधून लिहितोय. इथे डिसेंबरात सूर्य दुपारी सव्वातीनच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधाराचे गेम खेळायला हवा तेवढा अंधार आहे. रेमेडी ही इथली, एस्पो शहरातली कंपनी, ‘मॅक्स पेन’वाली. त्यांचा ‘ॲलन वेक २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. गेम अमेरिकेत घडतो, पण त्यातल्या वॉटरी नावाच्या गावात फिनिश वंशाची माणसं भरलेली आहेत. कॉफीच्या नावाने थीम पार्क काढणारे कोस्केला बंधू, आणि कोड्यात बोलणारा झाडूवाला आहती. इथे राहून तो खेळताना मला प्रत्येक वेळी वाटतं की यांनी आपलं गाव, आपली भाषा, आपली कॉफी न लाजता त्यात घातली आणि जगाने ती गोड मानून घेतली.

धाग्याच्या मुद्द्याला धरून: सागा अँडरसन ही एफबीआयची तपास अधिकारी. एक बटण दाबलं की ती आपल्या मनातल्या खोलीत जाते. भिंतीवर फोटो, चिठ्ठ्या, लाल दोरे. पुरावे आपणच एकेक करून लावायचे. बाहेर वेळ चालूच असते, त्यामुळे शत्रू जवळ असताना आत गेलात तर मार बसतो. गेमभर ती खोली आपली हक्काची जागा होते. आणि शेवटाकडे तिला त्याच खोलीत कोंडलं जातं. भिंतीवर आता खुनाचे पुरावे नसतात. तू वाईट आई आहेस, तुझ्यामुळे सगळे मेले, असे तिचे स्वतःवरचे आरोप असतात. आणि ते आरोप खोडायचे कसे? ज्या पद्धतीने पंधरा-वीस तास पुरावे लावत आलो त्याच पद्धतीने. एकेक उचलून, तपासून. मी परदेशात एकटा राहतो. असल्या भिंती माझ्या ओळखीच्या आहेत. त्या रात्री मी वहीत खरोखरच दोन रकाने आखून लिहून काढलं, कुठला आरोप खरा आणि कुठला नाही.


घाटमाथा

माझा थोडा वेगळा सूर. तुम्ही सगळे मायेच्या गोष्टी सांगताय. मला निव्वळ भीती हवी असते, आणि निव्वळ भीतीतही गोष्ट असते.

ऑगस्ट २०१४ मध्ये ‘पी.टी.’ नावाचा छोटा गेम फुकट आला होता. हिदेओ कोजिमा आणि गिलेर्मो देल तोरो मिळून नवा ‘सायलेंट हिल’ करणार होते, त्याची ती झलक. पुढे तो गेम रद्द झाला आणि २०१५ मध्ये झलकही स्टोअरमधून काढून टाकली. आत काय होतं? एक बोळ. काटकोनात वळणारा, घरातला साधा बोळ. टोकाला दार. दार उघडून बाहेर पडावं तर पुन्हा त्याच बोळात. घड्याळात तीच वेळ, २३:५९. रेडिओवर एका खुनाची बातमी. प्रत्येक फेरीत काहीतरी एखाद्या बोटाएवढं बदललेलं.

माझं आजोळ सावंतवाडीच्या बाजूला. आजी सांगायची, चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच माळावर गोल गोल फिरतो. वाट ओळखीची, झाडं ओळखीची, बांध ओळखीचा, पण घर येत नाही. ‘पी.टी.’ खेळताना तिसऱ्या फेरीला मला कळलं, हा चकवा आहे! जपानी माणसाने अमेरिकन घरात मांडलेला, पण चकवाच. आजीचं म्हणणं होतं की चकव्यात पळायचं नाही, जागच्या जागी बसायचं, उजाडेपर्यंत. ‘पी.टी.’मध्येही पळता येत नाही. फक्त चालायचं, आणि डोळे एखाद्या वस्तूजवळ नेऊन बघायचं. दोनच क्रिया. कुठलंही हत्यार नाही. मला त्या बोळाने जेवढं घाबरवलं तेवढं कुठल्याही रक्ताच्या थारोळ्याने नाही.

आपल्याकडे मुंजा, हडळ, देवचार, वेताळ एवढं सगळं पडलेलं आहे. वेताळाची तर अख्खी पालखी आहे. कुणीतरी एवढाच एक माळ आणि एवढाच एक बांध घेऊन गेम करावा, अशी माझी फार इच्छा आहे.


दुसरा कंट्रोलर

घाटमाथा, हॉरर नाही पण सुरुवात पुण्यातून झालेली आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ही पुण्याची कंपनी, त्यांचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. राजी ही सर्कशीत वाढलेली मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे. लढाईत काही उणिवा आहेत, लवकर संपतो, शेवट अर्धवट वाटतो. तरी पहिल्यांदा खांबाभोवती गिरकी घेऊन तिने शत्रूवर झेप घेतली तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही परदेशी गेमने दिलं नव्हतं. ती गिरकी मल्लखांबाची पोर घेईल तशी आहे.


मध्यरात्र

‘सोमा’ची आठवण धागाकर्त्याने काढली होती आणि पुढे कुणी बोललंच नाही, म्हणून मी.

२०१५, फ्रिक्शनल गेम्स, ‘ॲम्नेशिया’ करणारेच. समुद्राच्या तळाशी एक केंद्र. सायमनला आणखी खोल जायचं असतं, त्यासाठी त्याला दुसऱ्या शरीरात जावं लागतं. खुर्चीत बसतो, डोळे मिटतो, उघडतो तर नव्या शरीरात. आणि मागच्या खुर्चीतून त्याचाच आवाज येतो, ‘झालं का? अजून काहीच कसं झालं नाही?’ मन हललंच नव्हतं. त्याची नक्कल झाली होती. जुना सायमन तिथेच आहे, जिवंत, आणि आता बेशुद्ध.

त्याच्या खुर्चीची वीज काढून घेऊन त्याला झोपेतच संपवता येतं. किंवा तसंच सोडून जाता येतं, म्हणजे तो एकटाच उठेल, समुद्राच्या तळाशी. गेम कुठलंही बक्षीस देत नाही, शिक्षाही देत नाही. पुढे काहीही बदलत नाही. जुनी सीडी म्हणाले ना, पर्याय नाही तर कृत्य माझं कसं? इथे पर्याय आहे, आणि त्याचा परिणाम शून्य. तरी मी त्या खुर्चीपुढे वीस मिनिटं उभा होतो. मी वीज काढली. बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.


जुनी सीडी

मध्यरात्र, हे मान्य. हे माझं कृत्य म्हणता येईल. मी वीज काढली नाही. त्याला उठायचा हक्क आहे असं वाटलं. आता तुमचं वाचून वाटतंय की मी स्वतःचे हात स्वच्छ ठेवले, एवढंच.

अजून एक. ‘एलियन: आयसोलेशन’ (२०१४) मी पीएस फोरच्या कॅमेऱ्यासकट खेळलो. त्यात एक सोय चालू करता येते, की आपल्या खोलीतला आवाजही त्या प्राण्याला ऐकू जातो. तो प्राणी मरत नाही, फ्लेमथ्रोअरने फक्त थोडा वेळ पळतो. सेव्ह करायलाही भिंतीवरच्या फोनपाशी काही सेकंद ताटकळावं लागतं. मी कपाटात लपलोय, तो बाहेर वास घेत फिरतोय, आणि पलीकडच्या खोलीत वडिलांना खोकल्याची उबळ आली. त्यांना दमा होता. त्या क्षणी मला गेमची भीती वाटायची थांबली आणि खरी भीती वाटली. उठून पाणी दिलं, पंप दिला. परत आलो तर मेलो होतो. ती सोय बंद केली आणि पुन्हा कधी चालू केली नाही. वडील आता नाहीत. त्या गेमचं नाव निघालं की मला तो खोकलाच आठवतो, म्हणून लिहिलं.


सांदीकोपरा

जुनी सीडी, हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

उत्तरेकडून, त्या वहीतल्या दोन रकान्यांबद्दल मी गेले दोन दिवस विचार करतोय.


पहाटपाळी

तीन आठवड्यांनी येतेय. काल रात्री पूर्ण झाला. अजून वरचं एक अक्षरही वाचलेलं नाही.

दुसरा कंट्रोलर, तुमच्या सूचना फार उपयोगी पडल्या. विटांबद्दल तर विशेष. बिलच्या गावात चार वेळा सोडून द्यावंसं वाटलं. जिराफांपाशी मी खूप वेळ थांबले, एली म्हणेल तेव्हाच निघायचं असं ठरवून, पण ती निघायचं म्हणतच नव्हती, मग मीही उभी राहिले.

मी थिएटर नर्स आहे. गेम हॉस्पिटलमध्ये येईल याची मला कल्पना नव्हती. ते दार उघडलं तेव्हा हातमोजे, दिवा, टेबलाशेजारचा ट्रे, सगळं माझ्या रोजच्या जागेसारखं. डॉक्टर स्काल्पेल पुढे करून उभे राहिले. स्काल्पेल असं कुणी धरत नाही. ज्याला काय करावं ते सुचत नाही तोच असं धरतो. मी कंट्रोलर खाली ठेवला, चहा करून आणला, तो प्यायले, आणि मग परत उचलला. एलीला तिथे सोडून येणं मला शक्य नव्हतं. बाकीच्या दोघांना मी हात लावला नाही. त्यातली एक ज्या जागी उभी होती ना, तिथे मी उभी असते.

मग ते डोंगरातलं चालणं. कॅमेरा फिरवला आणि लक्षात आलं की मी एली आहे.

आता वर जाऊन धागा पहिल्यापासून वाचते.